डोळा गोंदावा का?

गोंदणे आपल्याला नवे नाही. आपल्या आयाबाया कपाळावर, हनुवटीवर गोंदवून घेत आल्या. जत्रेत हातावर नाव गोंदवणारे गडीही पुष्कळ. पण डोळा गोंदतात, हे कधी ऐकले आहे का?

इ. स. २००७ साली कॅनडा देशात काही हौशी माणसांनी आपल्या चांगल्या डोळ्यांचा पांढरा भाग रंगवून घेतला. पुढे ही हौस इतर देशांत पसरली.

हातावर गोंदताना सुई पुन्हा पुन्हा टोचतात. डोळ्याचे तसे नाही. डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर एक पातळ पापुद्रा असतो. त्याच्याखाली सुईने रंग सोडतात. ते कवच फार तर १ मिलिमीटर जाड असते. पट्टीवरच्या दोन बारीक रेघांत जेवढी जागा, तेवढेच! काही ठिकाणी तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. सुई जरा खोल गेली, की रंग डोळ्याच्या आत उतरतो. आतला पडदा सुटू शकतो. जंतू शिरले तर पू होतो. नजर जाते. कधी डोळाच काढावा लागतो. आणि एकदा गेलेला रंग धुऊन निघत नाही.

कोणी विचारील, "दुखतं का हो?" बधिर करणारे थेंब घातले तर टोचताना फारसे कळत नाही. पण नंतर डोळा सुजतो, पाणी गळते, उजेड सोसत नाही. आणि दुखले नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका.

म्हणून अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्याने २००९ साली आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २०१७ साली याला बंदी करणारा कायदा केला.

मग डॉक्टर कधी डोळ्याला रंग देतात का? हो, देतात. बुबुळावर पांढरे फूल पडून नजर गेली असेल, तर ते फूल झाकण्यासाठी कधी कधी रंग भरतात. त्याने डोळा बरा दिसतो. पण त्या डोळ्याला दिसू लागत नाही. काही जणांना मात्र नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवून पुन्हा दिसू लागते.

फूल पडूच नये, हे सर्वांत चांगले. भाताचे कुसळ डोळ्यात गेले, तर डोळा चोळू नका. झाडपाल्याचा रस घालू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

हौस हातावर करावी. डोळा पाहण्यासाठी आहे. तो आपण सांभाळू या.