विहिरीची पाळी आणि छोटा संगणक

हा लेख विज्ञान शाखेच्या पानांतून चुकून इकडे आला, असे कोणास वाटेल. तसे नाही. मी द्वितीय वर्ष कला शाखेत मराठी विषय घेऊन शिकते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच.

या विषयाकडे वळण्याचे कारण घरचेच आहे. आमच्याकडे शेतीची वीज काही दिवस रात्रीच येते. वीज आली की स्टार्टरवरचा ‘ऑटो’ मोटार सुरू करतो. परंतु विहिरीत पाणी उरले आहे की नाही, हे त्या बिचाऱ्यास कळत नाही. मागल्या उन्हाळ्यात मोटार कोरडी चालली आणि जळाली. रिवाइंडिंगचा खर्च झाला तो झालाच. तेव्हापासून दादा, म्हणजे माझे वडील, रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जातात. बिबट्याचे भय आहे ते वेगळेच. “दादा, हे काम यंत्रावर सोपवता येणार नाही का?” असे मी विचारले. “मग तूच कर की. कॉलेजात जातेस ना?” ते थट्टेने म्हणाले, मला मात्र ते लागले. अशी उपकरणे बाजारात तयार मिळतात हे मला ठाऊक आहे. पण डब्याच्या आत काय चालते ते समजून घ्यावे, असे मनाने घेतले.

वीजमीटर, कपडे धुण्याचे यंत्र, नव्या मोटारसायकलचे इंजिन, या सर्वांत एकेक छोटा संगणक दडलेला असतो. नेमून दिलेले एकच काम तो जन्मभर करतो. त्यास ‘एम्बेडेड’ म्हणतात. आपण ‘अंतःस्थापित’ म्हणू. मी घेतला तो रास्पबेरी पाय पिको नावाचा, २०२१ साली निघालेला बोटभर फलक. त्याची स्मृती अवघी २६४ किलोबाइट. मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटोही त्यात मावावयाचा नाही.

माझा पहिला प्रोग्रॅम सरळ होता. विहिरीतला फ्लोट पाहा. पाणी नसेल तर मोटार बंद कर आणि ३० मिनिटे थांब. पेच पुढेच आला. थांब म्हटल्यावर संगणक खरोखरच थांबला! त्या अर्ध्या तासात बटण दाबले तरी तो ऐकेना. याला अन्य उपायही आहेत, परंतु मला जो भावला तो कार्यप्रणालीचा.

फ्रीआरटॉस ही अशा छोट्या संगणकांसाठीची कार्यप्रणाली रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास लिहिली. २०१७ पासून तिची देखभाल ॲमेझॉन कंपनीकडे आहे. ती ‘ओपन सोर्स’ आहे, म्हणजे तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, विनामूल्य वापरावी. तिचा गाभा टास्क्स, क्यू आणि लिस्ट या तीन फाइलींत आहे. आम्ही जुन्या ग्रंथांची संहिता टीपांसह वाचतो, तशीच ही वाचता येते. टीपा इंग्रजीत आहेत आणि माझे इंग्रजी कच्चे. शब्दकोश घेऊन बसले.

आमच्या विहिरीत चार चुलत घरांचे हिस्से आहेत आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे. फ्रीआरटॉस हेच करते. मी तीन कामे पाडली : फ्लोट पाहणे, बटण पाहणे, दिवा लावणे. सेकंदास १००० वेळा ठोका पडतो (हा आकडा आपणच ठरवावयाचा) आणि दर ठोक्याला, तयार असलेल्यांपैकी सर्वांत वरचा अग्रक्रम कोणाचा, हे पाहिले जाते. ज्याला थांबावयाचे आहे ते काम बाजूस बसते, इतरांस अडवीत नाही. वाचताना मध्येच उठावे लागले तर आपण पानात काडी घालतो, तशी अर्धवट राहिलेल्या कामाची खूण त्याच्या स्वतःच्या ‘स्टॅक’ नावाच्या जागेत ठेवली जाते.

या जागेनेच मला तीन संध्याकाळी रडवले. एका उदाहरणातून १२८ हा आकडा मी उतरवून घेतला. मापन बाइटांत नव्हे, शब्दांत असते. येथे एक शब्द ४ बाइटांचा, म्हणजे जागा झाली ५१२ बाइट. पडद्यावर मजकूर छापण्याच्या कामाला ती पुरेना आणि ते शेजारच्याच्या हद्दीत शिरले. बांध कोरण्याचाच प्रकार! फलक मुका झाला. अशा अतिक्रमणाची तपासणी कार्यप्रणालीतच आहे, पण माझ्याकडे ती बंद होती. चालू करताच अपराधी काम नावानिशी कळले. १२८ चे ५१२ केले आणि फलक बोलू लागला.

यापेक्षा मोठी फजिती मंगळावर झालेली आहे. अमेरिकेचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी तेथे उतरले आणि पुढे त्यावरील संगणक पुन्हापुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदीचे कमी अग्रक्रमाचे काम सामाईक किल्ली घेऊन बसले होते, वरच्या अग्रक्रमाचे एक महत्त्वाचे काम त्या किल्लीसाठी खोळंबले होते आणि मधली कामे किल्लीवाल्यास पाळीच मिळू देईनात. उपाय असा की, किल्ली ज्याच्याकडे आहे त्यास वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता द्यावयाचा. पृथ्वीवरून तसा बदल पाठवून दोष दूर केला गेला. त्या यानावरील कार्यप्रणाली निराळी, व्यावसायिक होती. पण हाच उपाय फ्रीआरटॉसच्या ‘क्यू’ फाइलीत मी माझ्या डोळ्यांनी वाचला. त्या रात्री झोप उशिरा लागली.

सध्या सर्व प्रयोग बादली, फ्लोट आणि मोटारीच्या जागी एक दिवा एवढ्यावर आहे. स्टार्टरची जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावयाची. तिला मी हात लावणार नाही. दादा अजून रात्री जातातच. परवा मात्र त्यांनी बादलीतला फ्लोट स्वतः खालीवर करून पाहिला. दिवा विझला, तेव्हा म्हणाले, “तीस मिनिटं कशी पुरतील? आपल्या विहिरीला पाणी यायला तास लागतो.” मी ३० खोडून ६० केले.