कॅनडाला धाडण्याआधी कागद वाचा

आमच्या कऱ्हाटी, सुपे, मोरगाव या जिरायती पट्ट्यात पोरगं शिकलं की बारामतीच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्यात चिकटायचं. गेल्या काही वर्षांत त्यात कॅनडाची भर पडली. इंदापूरकडच्या बागायतदारांची पोरं आधी गेली, मग आमच्याकडच्यांनीही मनावर घेतलं. त्यामुळे ओटावात सरकारनं काय ठरवलं यावर आता आमच्या घरातला कर्जाचा हप्ता अवलंबून असतो. आणि ती बातमी आमच्यापर्यंत येते एजंटाच्या तोंडून, त्याला सोयीची असेल तेवढीच. आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्याच्या घरात होऊ नये म्हणून लिहितो आहे.

पुतण्या बी.कॉम. झालेला. २०२३च्या दिवाळीनंतर पुण्यातल्या एका सल्लागारामार्फत ओंटारिओ प्रांतातल्या एका कॉलेजात ‘ग्लोबल बिझनेस’ला त्याचा प्रवेश ठरला. जायचं होतं पुढच्या सप्टेंबरात. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार होत नाहीत, म्हणून दादांनी बारामतीतला एनए प्लॉट तारण दिला. फेब्रुवारीत पहिल्या वर्षाची फी गेली. मित्रमंडळींनी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्सही लावला.

प्रवेशाचं पत्र माझ्या हाती आलं ते त्यानंतर. वर ठळक अक्षरांत सरकारी कॉलेजचं नाव आणि त्याचा ओंटारिओच्या उत्तरेकडचा पत्ता. खाली बारीक टायपात ‘यांच्या सहकार्याने’ म्हणून एका खासगी संस्थेचं नाव, आणि वर्ग भरण्याचं ठिकाण टोरांटोजवळच्या एका व्यापारी इमारतीत. नकाशावर पाहिलं तर दोन पत्त्यांमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर. पुतण्याला शेजारी बसवलं आणि कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन खात्याची साइट उघडली.

२२ जानेवारी २०२४ला तिथले इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी जाहीर केलं होतं, की सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम जिथे खासगी संस्था शिकवते, तिथे नव्यानं दाखल होणाऱ्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळणार नाही. आधी हा नियम १ सप्टेंबरपासून लागू व्हायचा होता, तो नंतर १५ मेपासूनच लागू केला. म्हणजे आमची फी गेली त्याआधीच नियम जाहीर झाला होता. सल्लागाराला फोन केला तर म्हणाला, “काका, काळजी करू नका, तिकडं पोचल्यावर सगळं होतं.”

काही होत नाही. परमिट नाही म्हणजे शिकून झाल्यावर राहता येत नाही, आणि राहता येत नाही म्हणजे डॉलरमध्ये कमावून कर्ज फेडायचा हिशेबच कोलमडतो. पुतण्याचं जाणं थांबवलं. फी परत आली ती कापून, तीही काही महिन्यांनी, आणि तोवर बँकेचं व्याज चालूच होतं. वहिनींना पैशापेक्षा एकच घोर लागला होता: “फ्लेक्स लागलाय, आता लोकांना काय सांगायचं?” माझं स्पष्ट मत आहे, की आपल्याकडची निम्मी पोरं या प्रश्नापायी विमानात बसतात. कागद चुकीचा आहे हे कळूनही बसतात. आईबापांनी त्या वेळी घट्ट राहावं. लोक चार दिवस बोलतात, हप्ता पुढची दहा-दहा वर्षं चालतो.

‘अमक्याचा पोरगा गेला, पीआर (म्हणजे कायम राहायची परवानगी) मिळाली, घर घेतलं’ हे आमच्याकडे फार ऐकायला मिळतं. तो पोरगा २०१७-१८चा असतो. तेव्हाचे नियम आता उरलेले नाहीत. जनाई योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार हे आपण यंदाच्या पत्रकावर बघतो, गेल्या वेळी पाणी आलेल्या शेजाऱ्याला विचारून पेरत नाही. इथेही तसंच करा.

कॅनडाची बाजूही समजून घ्यायला हवी. २०२३च्या जूनमध्ये त्या देशाची लोकसंख्या चार कोटींवर गेली, वर्षअखेरीस परदेशी विद्यार्थीच दहा लाखांवर होते. घरभाडी तिथल्या माणसालाही झेपेनाशी झाली. एकेका बेसमेंटमध्ये दाटीवाटीनं राहणारी पोरं आपलीच होती. सरकारवर दबाव आला. २०२४ला सुमारे ३,६०,००० परवान्यांची मर्यादा घातली, आणि २०२६साठी बाहेरून नव्यानं येणाऱ्या विद्यार्थ्यांचं लक्ष्य १,५५,०००वर आणलं. विद्यार्थ्यानं बँक खात्यात दाखवायची खर्चाची रक्कम आधी १०,००० डॉलर होती. ती १ जानेवारी २०२४पासून २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५पासून २२,८९५. रुपयांत चौदा लाखांच्या आसपास, फी आणि तिकीट वेगळं.

“शिकता शिकता फी सुटते” असं कुणी म्हटलं तर वहीत मांडून दाखवा. नोव्हेंबर २०२४पासून सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. ओंटारिओचं किमान वेतन त्या वेळी ताशी १७.२० डॉलर होतं. चार आठवड्यांचे साधारण १,६५० डॉलर, तेही कर कापण्याआधी. यातून भाडं आणि जेवण कसंबसं भागतं. फी घरूनच जाणार असं धरून चाला.

कोर्स निवडताना परमिटचा नियम आधी बघा. पदवी आणि मास्टर्सवाल्यांना विषयाची अट नाही. कॉलेजच्या डिप्लोमाला मात्र १ नोव्हेंबर २०२४पासून ठरावीक विषयांची यादी लागू आहे: शेती व अन्नप्रक्रिया, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकामासारखे कुशल व्यवसाय वगैरे. आमचा ‘ग्लोबल बिझनेस’ तसल्या यादीत बसलाच नसता. बारामतीत शेती शिकलेल्या पोरांना इथे खरी संधी आहे, पण तीच पोरं बिझनेसच्या डिप्लोमाकडे वळवली जातात याचं मला वाईट वाटतं. यादी बदलत राहते, म्हणून फी भरण्याच्या दिवशी पुन्हा बघा.

पत्र खोटंही असू शकतं. २०२३मध्ये पंजाबातल्या कित्येक विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली, कारण जालंधरच्या एजंटानं दिलेली प्रवेशपत्रंच बनावट निघाली, आणि हे त्यांना तिथे जाऊन वर्षं लोटल्यावर कळलं. त्याच डिसेंबरपासून प्रत्येक पत्राची खातरजमा इमिग्रेशन खातं थेट कॉलेजकडून करून घेतं. तरी तुम्हीही कॉलेजला स्वतः मेल पाठवा. व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन देणारा माणूस परवानाधारक आहे का, हे कॅनडातल्या ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’च्या नोंदवहीत नाव टाकून दिसतं. नाव नसेल तर उठून या.

फी पाठवण्याआधी कॉलेजचं परताव्याचं पान छापून घ्या. व्हिसा नाकारला तर किती कापतात आणि आपण स्वतःहून माघार घेतली तर किती, या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात. शेवटची तारीख लाल पेनानं खुणावून ते पान कर्जाच्या फाइलीत ठेवा, आणि फी एजंटाच्या खात्यावर न टाकता थेट कॉलेजच्या खात्यावर पाठवा.