झुलू कवी डॉ. बेनेडिक्ट विलाकाझी

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वीच्या नाताळ प्रांतात ग्राउटव्हिल नावाचे एक मिशनचे गाव होते. ज्या अमेरिकन बोर्डाने १८३१ साली आपल्या अहमदनगरास मिशनचे ठाणे घातले, त्याच बोर्डाच्या ॲल्डिन ग्राउट नामक मिशनऱ्याने हे गाव वसविले. तेथे ६ जानेवारी १९०६ रोजी एका झुलू ख्रिस्ती कुटुंबात बेनेडिक्ट वॉलेट विलाकाझी ह्यांचा जन्म झाला. इतर झुलू मुलांप्रमाणे लहानपणी त्यांनी गुरे राखली आणि गावच्या शाळेत प्राथमिक शिक्षण घेतले. पुढे ते डर्बनजवळील मारियनहिल येथील रोमन कॅथलिक मठाच्या विद्यालयात गेले, आणि १९२३ साली शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवून अध्यापन करू लागले.

येथवरची हकीकत मिशनच्या शेकडो शाळामास्तरांची आहे. विलाकाझी एवढ्यावर थांबले नाहीत. दिवसा शिकवावे व उरल्या वेळी स्वतःचा अभ्यास करावा, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला, आणि घरी राहून परीक्षा देण्याची सोय असलेल्या दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची बी. ए. ही पदवी १९३४ साली संपादन केली. दुसऱ्याच वर्षी त्यांचा ‘इन्कोन्ड्लो काझुलू’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. झुलू भाषेत छापून निघालेला हा पहिला काव्यसंग्रह होय.

ह्याचा अर्थ झुलू लोकांस पूर्वी काव्य ठाऊक नव्हते, असा मात्र कोणी करू नये. ‘इझिबोंगो’ नावाची स्तुतिकाव्ये त्यांच्यात पिढ्यानपिढ्या मुखोद्गत चालत आली आहेत. राजांचे भाट ती खड्या आवाजात म्हणत; आपल्याकडील पोवाड्याची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. त्यात यमक नसते. विलाकाझींनी शाळेत इंग्रजी कविता वाचल्या होत्या, आणि त्यांतील यमक व कडव्यांची बांधणी आपल्या भाषेत आणून पाहावी अशी त्यांस हौस वाटली. पहिल्या संग्रहात त्यांनी हा प्रयोग मनःपूर्वक केला.

तो पुरता साधला नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. झुलू भाषेतील प्रत्येक शब्द स्वरान्त असतो व मूळ स्वर पाचच; तेव्हा दोन ओळींचा शेवट सारखा होणे ही तेथे सहज घडणारी गोष्ट आहे. शिवाय बोलताना जोर पडतो तो उपान्त्य अक्षरावर, अन्त्य अक्षर हलकेच उच्चारले जाते. अशा भाषेत ओळीअखेरचे यमक कानास जाणवणार कसे? ओवी-अभंगांवर वाढलेल्या आपल्या कानास यमकावाचून चुकल्यासारखे होते. परंतु एका भाषेचा अलंकार दुसरीस शोभेलच असे नाही. एच. आय. ई. ढलोमो ह्या समकालीन नाटककाराने ह्याच मुद्द्यावर त्यांच्यावर टीका केली. १९४५ साली ‘अमालएझुलू’ हा दुसरा संग्रह निघाला, तेव्हा विलाकाझींनी यमकाचा हव्यास बऱ्याच अंशी सोडला होता. माझ्या मते ह्यातच त्यांची थोरवी आहे.

दुसऱ्या एका वादात मात्र त्यांनी माघार घेतली नाही. ढलोमो इंग्रजीत लिहीत. विलाकाझींचे म्हणणे असे की, आफ्रिकन माणसाने आपल्या लोकांकरिता आपल्या भाषेत लिहिलेले तेच आफ्रिकन वाङ्मय. हे मत जरा ताठर आहे. इंग्रजीत लिहिलेले पुस्तक देशातील इतर भाषांच्या लोकांस व परक्या राज्यकर्त्यांसही वाचता येई, हा ढलोमोंच्या बाजूचा मोठा लाभ होता. पण इंग्रजी पदवी हाती असता एखादा मनुष्य आपली सारी प्रतिभा मातृभाषेस वाहतो, तेव्हा त्याचे म्हणणे आदराने ऐकावेसे वाटते.

१९३६ पासून ते जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात झुलू शिकवू लागले. त्या विद्यापीठात शिकविणारे ते पहिले आफ्रिकन. त्यांच्या नेमणुकीस विरोध झाला, आणि पद दिले गेले ते ‘भाषा-साहाय्यक’ असे दुय्यम. ज्याच्या मातृभाषेचा विषय, तोच वर्गात साहाय्यक! १९४६ साली ह्याच विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. दक्षिण आफ्रिकेत हा मान कोणाही कृष्णवर्णीयास तत्पूर्वी मिळाला नव्हता.

जोहान्सबर्ग हे सोन्याच्या खाणींचे शहर. खेड्यापाड्यांतून आलेले आफ्रिकन मजूर तेथे कुंपणाच्या आवारात राहत व जमिनीखाली खोल राबत. दुसऱ्या संग्रहातील ‘एझिंकोम्पोनी’ ह्या दीर्घ कवितेत असा मजूर खाणीतील यंत्रांस उद्देशून बोलतो. यंत्रांची घरघर सर्वांस ऐकू येते, मजुरांचे कण्हणे कोणास ऐकू येत नाही, हे त्या कवितेतील दुःख आहे. राजांची स्तुती गाणारी भाषा येथे खाणीतल्या मजुराची कैफियत मांडते.

कादंबऱ्याही त्यांनी तीन लिहिल्या. परंतु त्यांचे सर्वांत कष्टाचे काम म्हणजे प्रोफेसर क्लेमेंट डोक ह्यांच्यासमवेत रचलेला झुलू-इंग्रजी कोश. १९०८ साली जोहान्सबर्गच्या रस्त्यात गांधीजींस मारहाण झाली, तेव्हा ज्या रेव्हरंड जोसेफ डोक ह्यांनी त्यांस आपल्या घरी नेऊन शुश्रूषा केली, त्यांचे हे चिरंजीव. मोल्सवर्थच्या कोशाची पाने चाळलेल्या वाचकांस अशा कामाचे ओझे सांगावयास नको.

२६ ऑक्टोबर १९४७ रोजी मेंदूच्या आवरणाच्या दाहाने विलाकाझी निवर्तले. वय अवघे एकेचाळीस. कोश छापून बाहेर पडला तो १९४८ साली. मुखपृष्ठावर डोक ह्यांच्या नावाशेजारी त्यांचे नाव होते.