सूचनाफलक आणि संवाद

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात महिनाभर काम केले. एके सकाळी साहेबांच्या सांगण्यावरून मी फाटकाजवळच्या फलकावर एक इंग्रजी सूचना लावली. सोमवारपासून दुसरी पाळी अर्धा तास उशिरा सुटणार, एवढाच तिचा आशय होता. पण जेवणाच्या सुटीपर्यंत ‘एक पाळी बंद होणार, माणसे कमी करणार’ अशी कंडी पिकली. माझे वडील तिथेच फिटर आहेत. रात्री त्यांचे जेवणात लक्ष नव्हते. खरा अर्थ मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, “अरे, मग शेवटची बस चुकणार. पण हे सांगायचे कोणाला?”

सूचना देणे म्हणजे संवाद नव्हे, हे मला त्या रात्री उमगले. पुढे अभ्यासात हॉथॉर्नच्या प्रयोगांविषयी वाचले, तेव्हा वडिलांचा प्रश्न पुन्हा आठवला. अमेरिकेत शिकागोजवळच्या या कारखान्यात 1924 पासून प्रकाश, विश्रांती, कामाचे तास यांचा उत्पादनावर होणारा परिणाम तपासला गेला. 1928 पासून हजारो कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारले जात. पण कामगारांना वेगळेच काही बोलायचे असे. तेव्हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांचे ऐकून घेण्याची पद्धत स्वीकारली गेली. या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली, तरी ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मात्र नुसते ऐकून भागत नाही. त्याच कारखान्यात 1931-32 मध्ये 14 कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण केले गेले. जास्त काम केले तर मजुरीचे दर कमी होतील, या भीतीने ते ठरावीक मर्यादेपलीकडे काम करीत नसत. विश्वास नसेल तेथे आपुलकीचे शब्द पोकळच ठरतात.

आपल्याकडे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या उद्योगांत दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची कार्यसमिती नेमण्याची तरतूद केली. 1976 मध्ये घटनेत 43-क हे कलम घालून व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाचे तत्त्व मान्य झाले. परंतु समितीत बोललेल्या गोष्टीला उत्तर मिळाले नाही, तर ती कागदावरच राहते.

उद्या आपल्यापैकी अनेकजण कचेऱ्यांत खुर्चीवर बसतील. सूचना लावण्यापूर्वी ती कामगाराच्या भाषेत लिहावी, तिचे कारण सांगावे आणि त्याची अडचण विचारून ठरल्या दिवशी उत्तर द्यावे. मी लावलेल्या त्या कागदावर साहेबांची सही होती. पण अडचण कोणाकडे मांडावी, याची एक ओळही नव्हती.