वाहनांविना रविवार

४ नोव्हेंबर १९७३ हा दिवस रविवार होता. हॉलंडमधील रुंद राजमार्गांवर एरवी अहोरात्र चालणारा मोटारींचा घोष त्या दिवशी जवळजवळ थांबला होता. ज्या सडकांवर पायी चालण्यासही मनाई असे, त्यांवरून आबालवृद्ध सायकली दामटीत होते, मुले चाकांचे बूट घालून घसरत होती आणि कोणी तर घोड्यावर स्वार होऊन निघाले होते. पाहणाऱ्यास वाटावे की, आज काही उत्सव आहे. वस्तुतः देशावर संकट आले होते. हाती असलेले पेट्रोल पुरवून वापरता यावे, म्हणून सरकारने रविवारी मोटारी चालविण्यास बंदी केली होती.

हे संकट अकस्मात ओढवले. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त व सीरिया यांचे इस्राएलशी युद्ध जुंपले. तेव्हा अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी तेलाचे उत्पादन घटविले आणि इस्राएलची बाजू घेतल्याचा ठपका ठेवून अमेरिका व हॉलंड या देशांना तेल देण्याचेच बंद केले. हॉलंडचे रॉटरडॅम बंदर म्हणजे पश्चिम युरोपच्या तेलव्यापाराचे महाद्वार. तेव्हा हा घाव वर्मी बसला. सरकारने प्रथम रविवारची बंदी घातली आणि पुढे जानेवारी १९७४ मध्ये काही आठवडे कुपनांवर पेट्रोल दिले. मात्र रविवारच्या बंदीतून डॉक्टरांसारख्या निकडीच्या लोकांना परवाना देऊन वगळण्यात आले होते. सहलीस निघालेली मोटार एक दिवस थांबली तर फारसे बिघडत नाही. रुग्णाकडे निघालेल्या डॉक्टरांची मोटार थांबून कसे चालेल?

अमेरिकेत याच सुमारास निराळे दृश्य दिसत होते. पेट्रोल पंपांपुढे मोटारींच्या लांबच लांब रांगा लागत, आणि रांगेत ताटकळणाऱ्या मोटारी इंजिन चालू ठेवून आहे तेही पेट्रोल जाळीत. पंपावर हिरवे निशाण असले तर पेट्रोल आहे, तांबडे असले तर संपले, असे लोक दुरूनच ओळखू लागले. पुढे ऑरेगॉन व इतर काही राज्यांनी नियम केला की, ज्या मोटारीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक विषम असेल तिने विषम तारखेस यावे व सम अंकाच्या मोटारीने सम तारखेस. काही ठिकाणी तर टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली असल्यास पेट्रोल नाकारले जाई. हा शेवटचा नियम प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. परंतु थोडे गणित केले म्हणजे त्यातील शहाणपण ध्यानात येते.

समजा, एका गावात १,००० मोटारी आहेत. प्रत्येकीच्या टाकीत ४० लिटर पेट्रोल मावते आणि प्रत्येक मोटार दिवसाला सरासरी ३ लिटर पेट्रोल वापरते. म्हणजे गावाला रोज ३,००० लिटर पुरे. कोणाची टाकी भरलेली, कोणाची रिकामी होत आलेली; सरासरीने ती अर्धी भरलेली असते असे धरू. एके सकाळी गावात आवई उठते की, उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही! प्रत्येक जण धावत जाऊन टाकी काठोकाठ भरून घेतो. प्रत्येकाने सरासरी २० लिटर घेतले तरी एका दिवसात २०,००० लिटर, म्हणजे जवळजवळ सात दिवसांचे पेट्रोल उचलले जाते. पंप कोरडा पडतो आणि आवई उठविणारा म्हणतो, ‘पाहा, मी सांगितले नव्हते?’ गावातील पेट्रोल मात्र कोठेच गेलेले नसते. ते पंपाच्या टाकीतून मोटारींच्या टाक्यांत जाऊन बसलेले असते.

सप्टेंबर २००० मध्ये ब्रिटनमध्ये हेच घडले. इंधनावरील करांमुळे चिडलेल्या मालमोटारवाल्यांनी व शेतकऱ्यांनी तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांपुढे ठाण मांडले. कारखान्यांत तेल होते, पण टँकर बाहेर पडेनात. त्यात लोकांची झुंबड उडाली आणि आठवड्याच्या आत देशातील बहुसंख्य पंप कोरडे पडले.

हॉलंडातील तुटवडा काही महिन्यांचा होता. परंतु पेट्रोल वर्षानुवर्षे दुर्मिळ झाले तर? दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशाने तोही अनुभव घेतला. १९४१ साली येथे पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. पुढल्याच वर्षी जपानी सेना ब्रह्मदेशात घुसली, तेव्हा माघार घेणाऱ्या इंग्रजांनी तेथील तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. मग प्रवासी मोटारी चालाव्या कशा? कित्येक मोटारींच्या मागील बाजूस लोखंडी नळकांडे बसविण्यात आले. त्यात लोणारी कोळसा भरून पेटवीत व त्यास हवा जेमतेम लागू देत. अशा अर्धवट ज्वलनातून जो ज्वालाग्राही वायू निघे, तो गाळून, थंड करून इंजिनात सोडीत. निघण्यापूर्वी बराच वेळ पंखा फिरवून कोळसा फुलवावा लागे. पेट्रोलच्या मानाने जोर कमी. चढण लागली की गाडी धापा टाकू लागे आणि पुष्कळदा उतारूंना खाली उतरून चालावे लागे. शिवाय या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, पण बंद जागेत तो प्राणघातक ठरतो. एवढे उपद्व्याप सोसूनही गाड्या चालल्या, ही गोष्ट लहानसहान नव्हे.

घरगुती तयारी याहून पुष्कळ सोपी आहे. टाकी पार आटू न देता अर्धी झाली की भरण्याची सवय सुकाळातच लावून घेतली, तर टंचाईच्या दिवशी रांगेत धावावे लागत नाही. चाकांत हवा पुरेशी असावी, वेग बेताचा असावा आणि दोन कामे एकाच फेरीत उरकावीत. घरात डब्यातून पेट्रोल साठविणे मात्र सर्वस्वी अनिष्ट होय. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या एखाद्या ठिणगीनेही पेट घेते.

राष्ट्रांची तयारी मोठ्या प्रमाणावर चालते. १९७३ च्या अनुभवानंतर १९७४ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. तेल आयात करणाऱ्या सभासद राष्ट्रांनी निदान ९० दिवसांच्या आयातीइतका साठा बाळगावा, असा तिचा दंडक आहे. भारतानेही विशाखापट्टणम, मंगळूर व पाडूर येथे भूगर्भातील खडक कोरून प्रचंड गुहा तयार केल्या आहेत. त्यांत मिळून सुमारे ५३ लाख टन कच्चे तेल मावते. तेल खडकातून झिरपून का जात नाही, असा प्रश्न कोणासही पडेल. भोवतालच्या खडकांच्या फटींत भूजल भरलेले असते आणि त्याचा दाब तेलापेक्षा अधिक राखलेला असतो. म्हणून पाणीच चोहोंकडून तेलाला आत रेटून धरते.