सेटअपवर क्लिक करण्याआधी

बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या परसवाड्यासारख्या गावात जुना कॉम्प्युटर गेम बसवायचा म्हटलं की खेळाआधीच चार आघाड्या उघडतात: नेट, लाइट, विंडोज आणि विकणारा. चारही ठिकाणी जे सोसलं ते सविस्तर सांगतो आहे. बैहर-बालाघाटपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे एक जुना पीसी आहे, महिन्याचा डेटा मोजून वापरावा लागतो आणि सुट्टीत आलेल्या मुलांना काहीतरी चांगलं खेळायचं असतं. त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा एवढीच इच्छा आहे.

आमच्या घरी हा विषय निघाला तो 'एम्पायर: टोटल वॉर'मुळे. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश स्टुडिओने केलेला आणि सेगाने मार्च 2009 मध्ये आणलेला हा युद्धनीतीचा गेम. अठराव्या शतकातलं जग, आणि खेळायला मिळणाऱ्या सत्तांमध्ये चक्क मराठे. खेळाची सुरुवात 1700 सालापासून. याच वर्षी सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचं निधन झालं आणि ताराबाईंनी राज्याची सूत्रं हाती घेतली. औरंगजेब दख्खनमध्येच ठाण मांडून होता. आमच्या बालाघाटचा बराचसा मुलूख पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे भाचा म्हणाला, "मामा, यात मराठ्यांकडून खेळता येतं म्हणे!" तेव्हा मलाही राहवलं नाही.

पहिला फटका बसला तो विकणाऱ्याकडून. नागपुरात एकाकडे या गेमचा जुना डबा मिळाला. डीव्हीडीवर ओरखडा नाही, माहितीपुस्तिका आहे, प्रॉडक्ट की छापलेला कागदही आहे. घरी आणून बसवायला घेतलं, की टाइप केली, तर उत्तर आलं की ही की दुसऱ्याच खात्यावर नोंदलेली आहे. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "डिस्क चालते ना? मग झालं." पैसे परत मिळाले नाहीत.

इथे कळीची गोष्ट अशी की हा गेम डबाबंद विकला जात होता तेव्हाही स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खातं असल्याशिवाय चालत नव्हता, आणि की एकदा एका खात्याला जोडली गेली की ती त्याच खात्याची. विकणाऱ्याने गेम आपल्या खात्यावर ठेवला आणि मला रिकामी डिस्क विकली. नव्वदच्या दशकातल्या गेमची की फक्त सेटअप पुढे सरकण्यापुरती असायची, म्हणून तेव्हाचा जुना डबा घेण्यात धोका कमी. अशा खातं मागणाऱ्या गेमचा वापरलेला डबा मात्र कोणी फुकट दिला तरी उपयोगाचा नाही. गेम थेट अधिकृत दुकानातून घ्या आणि उन्हाळी किंवा हिवाळी सेलची वाट पाहा. जुने गेम तेव्हा बऱ्याच कमी किमतीला मिळतात.

दुसरी आघाडी नेटची. या गेमला 15 जीबीच्या आसपास मोकळी जागा लागते. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तो उतरवायचा तर आठवडाभर घरातल्या कोणालाच दुसरं काही करता येणार नाही, आणि पावसाळ्यात नेटवर्क कधी जाईल याचा भरवसा नाही. यावर तोडगा आहे. स्टीममध्ये गेमच्या फाइलींचा बॅकअप घेण्याची सोय आहे. बालाघाटला किंवा गोंदियाला ज्या नातेवाइकांकडे ब्रॉडबँड आहे, तिथे आपल्या खात्याने गेम उतरवून घ्यावा, बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर न्यावा आणि घरी तो परत चढवावा. नंतर नेट लागतं ते किरकोळ. घरात दोन कॉम्प्युटर असतील तर 2023 पासून स्टीम एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर घरच्याच नेटवर्कमधून गेम पाठवू देतं. दोनदा डाउनलोड करण्याची गरज नाही.

यात दोन अडथळे येतात. एक पेनड्राइव्हचा. बाजारात मिळणारे बरेच पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, आणि त्यावर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. जागा असूनही कॉपी होत नाही, आणि माणूस पेनड्राइव्हच खराब समजतो. तो आधी रिकामा करून एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्यावा. दुसरा अडथळा विंडोजचा. जुन्या गेमला जुना पीसी बरा, असं वाटून विंडोज 7 असलेलं मशीन काढलं, तर 1 जानेवारी 2024 पासून विंडोज 7, 8 आणि 8.1 वर स्टीमला आधार मिळत नाही. म्हणजे गेमला चालणारं मशीन त्या दुकानाला चालत नाही. पैसे भरण्याआधी आपल्याकडे कोणतं विंडोज आहे ते पाहून घ्या.

तिसरी आघाडी विंडोजची आणि खरी डोकेदुखीची, कारण तिथे डिस्क अस्सल होती. घरात 'एज ऑफ एम्पायर्स 2'ची जुनी सीडी होती. मूळ गेम 1999 चा, 'द कॉन्करर्स' हा विस्तार 2000 चा. तेव्हा 166 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 32 एमबी रॅम पुरत असे. आजचा साधा लॅपटॉपही त्याच्या कितीतरी पट ताकदवान. तरी गेम सरळ चालेना. पडद्यावर गवत लाल-जांभळं दिसायचं. हा सीडीचा दोष नव्हता. तो गेम 256 रंगांच्या जुन्या पद्धतीवर चालतो, आणि नव्या विंडोजमध्ये रंगांचा तो तक्ता मध्येच बिघडतो.

मशीन एका दुरुस्तीच्या दुकानात दिलं. तिथल्या मुलाने गेमची मूळ ईएक्सई फाइल काढून इंटरनेटवरून आणलेली बिनसीडीची फाइल टाकली आणि "झालं तुमचं काम" म्हणून परत दिलं. घरी अधिकृत पॅच चालवायला घेतला, तर तो बसेना. अँटिव्हायरस ओरडायला लागला. पॅच म्हणजे मूळ फाइलीत नेमक्या जागी केलेला बदल. तो आधी फाइल तपासतो, आवृत्ती ओळखतो, आणि फाइल बदललेली दिसली की माघार घेतो. शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं. घरचे फोटो दुसऱ्या डिस्कवर होते म्हणून वाचले. क्रॅक केलेली फाइल बेकायदेशीर आहेच. शिवाय ती पॅचची वाट बंद करते आणि तिच्यासोबत काय येईल याची हमी कोणीच देत नाही.

चौथी आघाडी लाइटची. डेस्कटॉपवर पॅच चालू असताना लाइट गेली, तेव्हा प्रगतीची पट्टी निम्म्याच्या पुढे होती. परत सुरू केल्यावर गेम धड जुनाही नव्हता आणि धड नवाही. काही फाइली बदललेल्या, काही जुन्या. पॅच म्हणे आवृत्ती ओळखीची नाही, आणि गेम उघडताच बंद पडे. सुदैवाने आदल्या दिवशी पूर्ण फोल्डरची प्रत घेतलेली होती. तुटकं फोल्डर पुसलं, प्रत जागेवर ठेवली, लॅपटॉप चार्ज करून त्यावर काम केलं. घरी इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर पॅच लॅपटॉपवरच चालवा, आणि बॅटरी भरलेली असू द्या.

या सगळ्यातून जो क्रम हाताशी आला तो असा.

1. आधी ओळख पटवा. गेम कोणत्या सालचा, तेव्हा कोणत्या विंडोजसाठी होता, आपल्याकडे कोणतं आहे, हे कागदावर लिहा. सेटअप सुरूच होत नसेल तर तो 16-बिटचा असू शकतो, आणि 64-बिट विंडोज 16-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही. कितीही वेळा क्लिक करून उपयोग नाही.

2. सीडीचं कुलूप तपासा. त्या काळच्या कित्येक गेममध्ये सेफडिस्क नावाची नक्कलविरोधी व्यवस्था होती. विंडोज 10 मध्ये 2015 पासून तिला जागाच नाही, कारण तिच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचा धोका होता. त्याच वर्षी जुन्या विंडोजवरही एका सुरक्षा अपडेटने तो ड्रायव्हर बंद झाला. असा गेम असेल तर सीडीशी भांडत बसू नका, त्याची नवी अधिकृत आवृत्ती शोधा.

3. गरजेचे जुने भाग बसवा. 'डी-थ्री-डी-एक्स-नाइन'ने सुरू होणारी एखादी फाइल सापडत नाही असा संदेश आला तर ती सुटी फाइल भलत्याच ठिकाणाहून आणू नका. मायक्रोसॉफ्टचं जून 2010 चं डायरेक्टएक्स पॅकेज बसवा. नव्या विंडोजमध्ये डायरेक्टएक्स 12 असलं तरी हे जुने भाग त्यात आपोआप नसतात. जुन्या मल्टिप्लेअर गेमला डायरेक्टप्ले लागतं. ते कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्समध्ये, लेगसी कंपोनंट्सखाली सापडतं.

4. प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवू नका. व्हिस्टापासून विंडोज त्या फोल्डरमध्ये कोणालाही सहज लिहू देत नाही. जुना गेम तिथे सेव्ह करायला जातो आणि फाइल गुपचूप भलत्याच फोल्डरमध्ये वळवली जाते. मग पॅच एका जागी पाहतो आणि बदललेली फाइल दुसरीकडे असते. सी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचं साधं फोल्डर करा आणि सगळं तिथे ठेवा.

5. पॅचचा क्रम मोडू नका. आधी मूळ गेम, मग मूळ गेमचा पॅच, मग विस्तार, मग विस्ताराचा पॅच. 'एज ऑफ एम्पायर्स 2'मध्ये मूळ गेमचा 2.0ए आणि कॉन्करर्सचा 1.0सी. काही पॅच आधीचे सगळे बदल सोबत घेऊन येतात, काही फक्त मागच्या एका आवृत्तीवरच बसतात. पॅचसोबतची रीडमी फाइल आधी वाचा, त्यात हे लिहिलेलं असतं. दर पायरीनंतर गेम उघडून पाहा आणि ईएक्सई फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती तपासा. सगळे पॅच एका दमात चालवले तर कुठे बिघडलं ते कळत नाही.

6. सेव्ह केलेले डाव आधी बाजूला काढा. नव्या पॅचवर जुना डाव उघडेलच असं नाही. 'एम्पायर'चे डाव गेमच्या फोल्डरमध्ये नसतात. ते वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये असतात, आणि ते फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन लपलेल्या फाइली दिसतील असं करा आणि मग कॉपी घ्या.

7. मॉड, म्हणजे इतरांनी गेममध्ये केलेले बदल, सगळ्यात शेवटी. पॅच झाला, गेम चालला, एक डाव सेव्ह होऊन परत उघडला, मगच मॉडला हात लावा. स्टीमवरचा गेम स्वतःच अपडेट होतो आणि अपडेटनंतर मॉड तुटू शकतो. गेमच गडबडला असं वाटलं तर स्टीममध्येच फाइली पडताळून पाहण्याची सोय आहे. ती तुटलेली फाइल तेवढीच परत उतरवते, पूर्ण गेम नाही.

8. दोघांना मिळून खेळायचं असेल तर दोन्ही कॉम्प्युटरवर तीच आवृत्ती हवी. एकीकडे 1.0 आणि दुसरीकडे 1.0सी असेल तर केबल, राउटर, फायरवॉल सगळं नीट असूनही डाव जुळत नाही. आमच्याकडे मुलांनी केबलच दोषी ठरवली होती, आणि गडबड होती ती आवृत्तीची.

पॅचची एवढी यातायात कशाला, असं कोणी विचारेल. 'एम्पायर'च्याच सुरुवातीच्या आवृत्तीत कॉम्प्युटरच्या ताब्यातल्या सत्ता समुद्रमार्गे सैन्य उतरवून चढाई करत नव्हत्या. ते नंतरच्या पॅचमध्ये आलं. मराठ्यांकडून खेळणाऱ्याला किनाऱ्यावरून धोकाच नसेल तर अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानची निम्मी गोष्टच हरवली. पॅचशिवाय मुलं जे खेळतात तो करणाऱ्यांच्या मनातला पूर्ण खेळ नसतो.

एक मोकळेपणाने सांगतो: जिथे नवी, जपलेली आवृत्ती आहे, तिथे जुन्या सीडीचा हट्ट धरू नका. 'एज ऑफ एम्पायर्स 2'ची डेफिनिटिव्ह एडिशन नोव्हेंबर 2019 मध्ये आली आणि 2022 मध्ये तिच्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर हे नवे संघही आले. तिला चांगला कॉम्प्युटर आणि बरीच जागा लागते. ते परवडत नसेल तर जीओजी हे 2008 पासून चालणारं पोलंडचं दुकान पाहा. तिथे जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून विकतात आणि सेटअपची फाइल तुमच्याकडेच राहते. एकदा बालाघाटहून उतरवून आणली की परसवाड्यात नेट नसलं तरी ती बसते. आमच्यासारख्या गावांसाठी याहून सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही.

शेवटी घरातल्या मोठ्यांना एक विनंती. मुलांनी गेम मागितला की दुकानातल्या पोऱ्याच्या हाती मशीन देऊन मोकळे होऊ नका. त्यांच्यासोबत बसा, रीडमी वाचायला लावा, आवृत्त्या वहीत लिहायला लावा. चालू झालेल्या गेमचं पूर्ण फोल्डर, सगळे पॅच आणि ती वहीतली नोंद एका बाहेरच्या हार्डडिस्कवर जपून ठेवा. पुढच्या सुट्टीत हीच कटकट परत होऊ द्यायची नसेल तर ती हार्डडिस्क आजच तयार करा.