जमिनीतील प्रतिध्वनी आणि विहिरीची जागा

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी गाळाची जमीन आहे. परंतु नदीपासून दूर पुष्कळ ठिकाणी मुरमाखाली ग्रॅनाइट, नाईस, शिस्ट यांसारखे प्राचीन कठीण खडक लागतात. या खडकांत पाणी मुख्यतः झिजलेल्या थरात व भेगांत साठते. त्यामुळे एका विहिरीस भरपूर पाणी, तर शेजारच्या बांधीतील विहीर कोरडी, असे घडते. कर्ज काढून खोदलेली विहीर कोरडी निघाल्यास शेतकऱ्याचे फार नुकसान होते. म्हणून जमिनीखालील थर आधी कसे ओळखतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पद्धत : जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर घणाचा आघात करतात. कंप खाली जातो व थर बदलेल तेथून त्याचा काही भाग परततो. ओळीने रोवलेले जिओफोन तो टिपतात. समजा, कंपाचा वेग सेकंदास १,६०० मीटर असून प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात परतला; तर जाण्यायेण्याचे अंतर ३२ मीटर, म्हणजे थराची खोली १६ मीटर झाली. वेग १,००० मीटर धरल्यास हीच खोली १० मीटर येईल. यावरून वेग अचूक काढण्याचे महत्त्व ध्यानात येईल.

अडचण व उपाय : नोंदीत आघाताचे स्वरूप व थरांची रचना एकत्र मिसळलेली असते. मऊ बांधीत आघात बोथट व लांबट उमटतो आणि जवळजवळच्या दोन थरांचे प्रतिध्वनी एक भासतात. केवळ एका नोंदीवरून दोन्ही अज्ञात गोष्टी निश्चित होत नाहीत. यासाठी :

(१) एकाच जागी अनेक आघात करून नोंदींची बेरीज करावी. वाऱ्याचा व इतर गोंगाट कमी होतो.
(२) दूरच्या जिओफोनवर प्रतिध्वनी किती उशिरा येतो, त्यावरून वेग काढावा.
(३) सर्व नोंदींत समान असलेले आघाताचे स्वरूप गणिताने वेगळे करावे. अशा गणिताचा पाया एंडर्स रॉबिन्सन यांनी १९५४ साली अमेरिकेत घातला.

मर्यादा : प्रतिध्वनी थराची सीमा दाखवितो, पाण्याची हमी देत नाही. उथळ थरांसाठी कंपाच्या वक्रीभवनाची पद्धत, तर पाण्याच्या शोधासाठी बहुधा विद्युत-रोधाची तपासणी अधिक उपयोगी पडते.

शेतकऱ्यांनी काय करावे : खोदण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा. तपासणीच्या वेळी जवळचे पंप व ट्रॅक्टर बंद ठेवावेत, गुरे दूर बांधावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक विहिरीची खोली, लागलेले थर व वैशाखातील पाण्याची पातळी वहीत नोंदवावी. यंत्राचा अंदाज पडताळण्यास अशा नोंदीसारखे दुसरे साधन नाही.